डुलुथ-सुपीरियर: इंचाइंचाने चालणारं बंदर

समुद्रकाठच्या बंदरात पाणी कमी पडलं तर भरतीची वाट बघता येते. सरोवराच्या बंदरात ती सोय नाही. लेक सुपीरियरची भरती-ओहोटी म्हणजे जेमतेम काही सेंटिमीटर. जहाजाखाली जेवढं पाणी असेल तेवढ्यात भागवायचं, आणि ते किती असेल हे पाऊस, बर्फ, वारा आणि शंभर वर्षांपूर्वीचे करार मिळून ठरवतात. अमेरिकेतल्या डुलुथ-सुपीरियर बंदराविषयी लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. तिथून किती माल जातो हे कुठेही वाचायला मिळतं. ते बंदर चालतं कसं आणि अडतं कशापायी, यावर मात्र फारसं कोणी लिहीत नाही.

सेंट लुइस नदी लेक सुपीरियरच्या पश्चिम टोकाला येऊन मिळते. तिच्या उत्तरेला मिनेसोटा राज्यातलं डुलुथ, दक्षिणेला विस्कॉन्सिनमधलं सुपीरियर. गावं दोन, राज्यं दोन, बंदर एकच. इथून अटलांटिक महासागर जलमार्गाने सुमारे ३,७७० किलोमीटर दूर आहे आणि सरोवराचं पाणी समुद्रसपाटीपेक्षा १८३ मीटर उंच. नदीच्या मुखाशी लाटांनी सुमारे १० मैल लांबीचा वाळूचा दांडा घातला आहे: एकीकडे मिनेसोटा पॉइंट, दुसरीकडे विस्कॉन्सिन पॉइंट. दांड्याच्या आत निवांत पाणी, बाहेर उघडं सरोवर. हिमयुगातला बर्फ गेल्यापासून इथली जमीन वर उचलली जाते आहे, पण सगळीकडे सारखी नाही. पूर्वेला जिथून सरोवराचं पाणी बाहेर पडतं तो भाग जास्त वेगाने वर येतो, त्यामुळे पश्चिमेचं टोक त्या मानाने खाली जातं आणि पाणी नदीच्या मुखात शिरतं. थोडक्यात, ही बुडालेल्या नदीची खाडी आहे. आडोसा उत्तम, पण गाळ साचणार हे ठरलेलं.

नैसर्गिक तोंड होतं सुपीरियरच्या बाजूला. डुलुथला १८७० मध्ये रेल्वे आली, पण जहाजांना आत यायला आपलं दार नव्हतं. उघड्या सरोवराच्या बाजूने बांध घालून धक्के उभारायचा प्रयत्न झाला, तो वादळांनी मोडून काढला. मग मिनेसोटा पॉइंटच्या मुळाशी कालवा खणायचं ठरलं. कोर्टाचा मनाईहुकूम पोचायच्या आत गावाने फावडी घेऊन रातोरात कालवा पुरा केला, अशी गोष्ट अजून सांगतात. प्रत्यक्षात खोदाई वाफेच्या ड्रेजरने १८७० च्या शरदात सुरू झाली आणि १८७१ च्या वसंतात पुरी झाली.

भांडण होतं प्रवाहाचं. नदीचं पाणी एकाच तोंडातून जोराने बाहेर पडत होतं तोवर ते तोंड आपोआप धुतलं जाई. दुसरं दार उघडल्यावर प्रवाह वाटला गेला, आणि जिथे प्रवाह मंदावतो तिथे वाळू बसते. सुपीरियरची तक्रार हीच होती आणि ती रास्त होती. तडजोड म्हणून राइसेस पॉइंट ते मिनेसोटा पॉइंट असा आडवा बांध घातला गेला. तो टिकला नाही. विस्कॉन्सिन राज्य थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. १८७७ मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला: संसदेने या कालव्याच्या सुधारणेसाठी पैसे मंजूर करून काम केंद्र सरकारच्या हाती घेतलं आहे, तेव्हा एक राज्य ते थांबवू शकत नाही. १८९६ मध्ये दोन्ही बाजू मिळून एकच केंद्रीय बंदर-प्रकल्प झाला. माझ्या मते या बंदराचा खरा जन्म १८९६ चा. कालव्याने दुसरं दार दिलं, पण दोन्ही दारं एकाच हिशेबात धरून खोली राखायची ही पद्धत तेव्हापासूनची.

कालवा ३०० फूट रुंद आहे. आधी त्याच्या कडा दगड भरून बुडवलेल्या लाकडी चौकटींच्या होत्या. विसाव्या शतकाच्या तोंडावर काँक्रीटच्या भिंती आल्या. जहाज आत घेताना खरी परीक्षा ईशान्येचा वारा घेतो. या दिशेला शेकडो मैल मोकळं पाणी आहे, त्यामुळे लाटा वाढायला पुरेपूर वाव मिळतो. २८ नोव्हेंबर १९०५ च्या वादळात माटाफा हे जहाज कालव्यात शिरताना भिंतीवर आदळलं, फिरलं आणि किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर रुतून बसलं. लोक काठावरून बघत होते, मदत पोचवता येईना. नऊ खलाशी थंडीने गेले.

हवा शांत असतानाही कालव्याचं पाणी स्थिर नसतं. वाऱ्याने किंवा हवेच्या दाबातल्या फरकाने सरोवराचं पाणी एका टोकाला चढतं आणि मग पुढेमागे हिंदकळत राहतं. याला सेश म्हणतात. चढलं की कालव्यातून आत धावतं, उतरलं की बाहेर. १०५ फूट रुंदीचं जहाज या प्रवाहातून न्यायचं तर सुकाणू लागण्यापुरता वेग ठेवावाच लागतो, आणि त्या वेगात मध्येच थांबता येत नाही. म्हणून कालव्यावरचा पूल जहाज तोंडाशी येण्याआधी पुरता वर गेलेला असावा लागतो. हा पूल १९०५ मध्ये बांधला तेव्हा तुळईला टांगलेला पाळणा माणसं आणि गाड्या पलीकडे न्यायचा. १९२९-३० मध्ये त्याचा उचलपूल झाला. वर गेल्यावर खाली १८० फूट उंचीची वाट मोकळी होते. जहाज आधी रेडिओवर कळवतं, भोंग्याची खूण लांब-आखूड-लांब-आखूड. व्यापारी जहाजासाठी पूल कधीही उचलतात. उन्हाळ्यात छोट्या होड्यांनी ठरलेल्या वेळेची वाट बघायची.

हा पूल डुलुथ नगरपालिकेचा आहे. इथेच या बंदराच्या कारभाराची गंमत सुरू होते, कारण इथे सगळ्यांचा मिळून एक मालक नाहीच. चॅनलची, म्हणजे जहाजांसाठी खोल राखलेल्या वाटेची, खोली आणि कालव्याच्या भिंती लष्कराच्या अभियंता दलाकडे, म्हणजे आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सकडे. बोया, दिवे आणि बर्फ फोडणं तटरक्षक दलाकडे. डुलुथ सीवे पोर्ट ऑथॉरिटी ही सेंट लॉरेन्स सीवे, म्हणजे समुद्रापासून सरोवरांपर्यंतचा जलमार्ग, खुला होण्याच्या तयारीत १९५० च्या दशकात मिनेसोटाच्या कायद्याने स्थापन झाली. नावावरून वाटतं की सगळं बंदर तीच चालवते, पण तिच्याकडे क्लुअर सार्वजनिक टर्मिनल आणि आसपासची जमीन, एवढंच. लोहखनिजाचे धक्के रेल्वे कंपन्यांचे, धान्याचे एलेव्हेटर (उंच कोठारं) आणि कोळशाचं टर्मिनल खाजगी. परदेशी जहाजावर १९६० च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत पायलट (पाण्यातला वाटाड्या) घ्यावाच लागतो. सरोवरातच फिरणाऱ्या अमेरिकन जहाजांचे अधिकारी स्वतःच त्या पाण्याचा परवाना काढतात. गाळउपशाचा पैसा बंदर-देखभाल करातून येतो, तो मालाच्या किमतीच्या ०.१२५ टक्के. निर्यातीवरचा हा कर न्यायालयाने १९९८ मध्ये घटनाबाह्य ठरवला, त्यामुळे परदेशी निघालेला गहू तो भरत नाही, पण अमेरिकेतल्याच पोलाद कारखान्याकडे निघालेलं खनिज भरतं. हे मला कधीच न्याय्य वाटलेलं नाही.

आता इंचाचा हिशेब. सरोवरातलं सगळ्यात मोठ्या वर्गातलं जहाज साधारण १,००० फूट लांब आणि १०५ फूट रुंद असतं, आणि त्याचा आकार जवळजवळ पेटीसारखा. ते एक इंच खोल बसलं तर १,००० गुणिले १०५ भागिले १२, म्हणजे ८,७५० घनफूट पाणी बाजूला सारतं. गोड्या पाण्याचं वजन घनफुटाला ६२.४ पौंड धरलं तर साडेपाच लाख पौंडांच्या आसपास होतात. टोकाकडची गोलाई वजा केली की २,००० पौंडांच्या टनात सुमारे २७० टन उरतात. एका इंचाला २७० टन, तेही दर फेरीला. हंगामात ४० फेऱ्या धरा: एक इंच पाणी कमी म्हणजे एका जहाजामागे १०,८०० टन माल मागे राहिला. सरोवराची पातळी एका वर्षातच वसंत ते शरद फूटभर हलते, आणि वर्षावर्षांतला फरक त्याहून मोठा असतो. २००७ मध्ये ती विक्रमी खाली गेली होती, २०१९ मध्ये विक्रमाच्या आसपास वर.

नकाशावरची खोली ठरलेल्या नीच पातळीपासून मोजतात. लेक सुपीरियरसाठी ती ६०१.१ फूट आहे आणि चॅनल तिच्याखाली २७ फूट राखायचा असतो. पातळी त्याहून फूटभर वर असेल तर पाणी २८ फूट. पण डुलुथच्या धक्क्यावर किती भरायचं हे डुलुथचं पाणी ठरवत नाही. ते ठरतं सुमारे ४०० मैलांवर, सेंट मेरीज नदीत, जिथे तळ खडकाचा आहे आणि सू लॉक्समधून, म्हणजे पाण्याच्या दारबंद कप्प्यांतून, जहाजं २१ फूट खाली उतरतात. जहाज भरताना कप्तानाला तिथली पातळी आज काय आहे एवढं कळून पुरत नाही. आपण तिथे पोचू तेव्हा, म्हणजे एका दिवसाहून थोड्या अधिक वेळाने, काय असेल याचा अंदाज बांधावा लागतो. वारा पाणी पश्चिमेकडे ढकलत असेल तर डुलुथला भरपूर दिसतं आणि नेमकं तिकडे कमी असतं. वेगाचाही परिणाम असतो: उथळ चॅनलमध्ये वेग वाढला की जहाजाखालचं पाणी झपाट्याने मागे सरकतं, दाब उतरतो आणि जहाज आणखी खाली बसतं. म्हणून अरुंद जागी हळू जायचं.

भरताना पहिला अधिकारी हॅचचा, म्हणजे डेकवरच्या मालाच्या तोंडांचा, क्रम आधी कागदावर मांडतो. एका टोकाला सगळं ओतून चालत नाही. मध्यभाग आधी भरला तर जहाज मध्ये झोळ देतं, टोकं आधी भरली तर मध्ये कमान धरतं, आणि दोन्हीत पोलादावर ताण येतो. माल चढत असतो त्याच वेळी बॅलास्टचं, म्हणजे रिकाम्या जहाजाला तोल देणारं, पाणी पंपाने बाहेर जात असतं. दोन्हींचा मेळ बसला नाही तर लोडर थांबवून पंपांची वाट बघावी लागते. शेवटचे काहीशे टन राखून ठेवतात, जहाज किती खोल बसलं ते दाखवणारी पुढची, मधली आणि मागची खूण वाचतात, आणि मग ते टन कुठे टाकायचे ते ठरवतात. पुढे-मागे दोन इंचांचा फरक राहिला तर खडकावर खोल बाजूच आधी टेकणार.

इंचांचा मोह जुना आहे आणि त्याबद्दल बोलायलाच हवं. एडमंड फिट्झजेराल्ड हे जहाज ९ नोव्हेंबर १९७५ ला सुपीरियरच्या धक्क्यावरून २६,११६ लाँग टन (टन २,२४० पौंडांचा) लोहखनिजाच्या गोळ्या भरून निघालं आणि दुसऱ्या संध्याकाळी २९ माणसांसह बुडालं. ते का बुडालं यावर अजून एकमत नाही. पण १९६९ ते १९७३ दरम्यान नियम तीनदा सैल झाले आणि त्या जहाजाला मूळ मर्यादेपेक्षा ३ फूट सव्वातीन इंच जास्त खोल बसायची मुभा मिळाली, ही नोंद आहे. टनांचा हिशेब मांडताना पाण्यावर किती जहाज शिल्लक राहतं हेही त्याच पानावर लिहावं.

‘गोळ्या’ म्हणजे टॅकोनाइट या कमी प्रतीच्या लोहखनिजाच्या. मिनेसोटातल्या मेसाबी रेंज या खाणपट्ट्याचं खनिज १८९२ मध्ये पहिल्यांदा सुपीरियरहून जहाजात चढलं. पुढची साठेक वर्षं कच्चं खनिज जायचं आणि धक्के गुरुत्वाकर्षणावर चालायचे. डुलुथचा १९१८ चा धक्का क्रमांक ६ अजून उभा आहे: २,३०४ फूट लांब, पाण्यापासून ८० फूट उंच. वर रेल्वेचे डबे येतात, तळ उघडतात, माल खालच्या कप्प्यांत पडतो. कप्प्याची पन्हाळ हॅचवर सोडली की माल जहाजात. कप्पे दर १२ फुटांवर, म्हणून जहाजांचे हॅच दर २४ फुटांवर ठेवायची प्रथा पडली. धक्क्याने जहाजाचा आकार ठरवला, हे मला फार विलक्षण वाटतं. कच्चं खनिज ओलं असायचं. थंडी पडली की डब्यातच गोठायचं, मग वाफ सोडून मोकळं करावं लागे. १९५० च्या दशकात कमी प्रतीचा टॅकोनाइट दळून, चुंबकाने लोह वेगळं काढून, भाजून गोळ्या करणं सुरू झालं. गोळीत लोह साधारण ६५ टक्के, पाणी धरत नाही, कन्व्हेअरवर धावते. त्यामुळे हंगाम लांबला, आणि पुढे सू लॉक्समधलं १,२०० फूट लांबीचं पो लॉक वापरात आल्यावर हजार-फुटी जहाजं आली. त्यांतलं पहिलं १९७२ चं. यांच्या डेकवर स्वतःचा बूम असतो, उतरवायला धक्क्यावर क्रेन लागत नाही.

समुद्रातून येणाऱ्या जहाजांची गोष्ट वेगळी. सेंट लॉरेन्स सीवे १९५९ मध्ये खुला झाला आणि ३ मे रोजी रॅमन दे लारिनागा हे ब्रिटिश जहाज समुद्रातून डुलुथला पोचलं. सीवेच्या लॉकमध्ये मावायचं तर जहाज जास्तीत जास्त ७४० फूट लांब आणि ७८ फूट रुंद हवं, ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखालची खोली, आठ मीटरच्या आसपास. त्यातच गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलकं, म्हणून तोच माल भरलेलं जहाज इथे १५-२० सेंटिमीटर जास्त खोल बसतं. त्यामुळे बरीच जहाजं इथून थोडी रिकामी निघतात आणि सेंट लॉरेन्सच्या खालच्या भागात, खोल पाण्यात, उरलेलं धान्य भरून घेतात. धान्य भरताना आभाळाकडे लक्ष ठेवावं लागतं. थेंब पडला की हॅच बंद. ओला गहू वाटेत तापतो आणि कुजतो.

बॅलास्टच्या पाण्याने या खाडीचं मोठं नुकसान केलं. युरेशियन रफ हा छोटा मासा १९८६ मध्ये सेंट लुइसच्या खाडीत सापडला, झेब्रा शिंपले १९८९ मध्ये. १९९३ पासून बाहेरून येणाऱ्या जहाजांना बॅलास्ट भर समुद्रात बदलणं सक्तीचं झालं. पण टाकी ‘रिकामी’ असली तरी तळाला गाळ आणि थोडं पाणी उरतं, आणि जीव तिथे तग धरतात. म्हणून पुढे रिकाम्या टाक्याही खाऱ्या पाण्याने धुवायचा नियम आला. आधीची पंधरा वर्षं ही फट उघडीच होती.

आता गाळउपशाकडे येतो. सेंट लुइस नदी आणि सुपीरियरच्या बाजूची नेमाजी नदी, दोन्ही गाळ आणतात. नेमाजीचं पाणी तांबड्या चिकणमातीने लाल दिसतं. अभियंता दल दरवर्षी साधारण लाखभर घनयार्ड गाळ काढतं, बहुतेक क्रेनच्या जबड्याने उचलून बार्जमध्ये. उपसणं सोपं, टाकायचं कुठे हाच प्रश्न. जुन्या पोलाद कारखान्यांनी तळात विष सोडलेलं असल्याने तो सरोवरात ढकलता येईना, म्हणून १९७९ पासून एरी पिअर इथे बांध घालून जागा केली. ती भरत आली तेव्हा सोपी युक्ती काढली: गाळात पाणी मिसळून उतारावरून सोडायचं. जड वाळू तोंडाशी बसते, बारीक माती पुढे वाहत जाते. वाळू बांधकामाला, माती झाडांना. स्वच्छ गाळातून खाडीत उथळ अधिवास तयार केले, मिनेसोटा पॉइंटच्या खचलेल्या किनाऱ्यावरही वाळू टाकली. तिथे टाकलेल्या वाळूत २०२० मध्ये ॲल्युमिनियमच्या डब्यांचे धारदार तुकडे निघाले, आणि अनवाणी चालायच्या किनाऱ्यावर ते वेचायची वेळ आली. रासायनिक तपासणीत धातूचे तुकडे दिसत नाहीत. त्यासाठी वाळू चाळूनच बघायला हवी.

हिवाळ्यात सू लॉक्स १५ जानेवारीला बंद होतात आणि २५ मार्चला उघडतात. मधल्या काळात जहाजं धक्क्याला बांधून पाइपांतलं पाणी काढतात, इंजिनं खोलतात, सुपीरियरच्या गोदीत तळ तपासतात. हंगामाच्या दोन्ही टोकांना त्रास देतो तो तुटलेला बर्फ. जहाज धक्क्याकडे सरकतं तेव्हा तो मध्ये चेपला जातो आणि शेवटचे काही फूट अंतर मिटत नाही. मग टग आणून त्याच्या पंख्याच्या झोताने फट धुवून काढावी लागते.

याच बर्फाने एक छुपं संकट वाढवलं आहे, आणि या बंदराच्या भवितव्यासाठी मला ते पाण्याच्या पातळीइतकंच मोठं वाटतं. इथले अनेक धक्के पोलादी शीट पाइलच्या, म्हणजे तळात ठोकलेल्या जाड पत्र्यांच्या, भिंतींचे आहेत. गोड्या पाण्यात पोलाद हळू गंजतं, ही सर्वसाधारण समजूत. १९९० च्या दशकाच्या शेवटी पाणबुड्यांना दिसलं की पातळीच्या लगेच खाली भिंतींवर नारिंगी फोड आले आहेत. फोड खरवडला की खाली काळा थर आणि त्याखाली वाटीसारखा खड्डा. काही ठिकाणी आरपार भोक. फोड तयार करतात लोह खाणारे जिवाणू. आत प्राणवायू पोचत नाही, तिथे सल्फेटवर जगणारे जिवाणू सल्फाइड बनवतात, पाण्यातलं विरघळलेलं तांबं त्या थरात उतरतं, आणि तांबं-पोलाद यांची छोटी विद्युत-जोडी बनून पोलाद झिजतं. दर हिवाळ्यात बर्फ हे फोड ओरबाडून नेतो, कोरं पोलाद उघडं पडतं आणि चक्र पुन्हा सुरू.

धक्क्यावर हे वरून दिसतं ते वेगळ्याच रूपात: डांबरात छोटा खळगा. भोकातून भिंतीमागचा भराव पाण्यात झिरपतो, जहाजाच्या पंख्याचा झोत आणि पाण्याचं हिंदकळणं तो ओढून काढतं, आणि वर पोकळी राहते. खळगा पुन्हा डांबराने भरून टाकणं ही सगळ्यात वाईट दुरुस्ती, कारण त्याने खूण झाकली जाते आणि पोकळी वाढतच राहते. आधी पाणबुड्या उतरवून पोलादाची जाडी अल्ट्रासोनिक यंत्राने मोजावी: फोड खरवडून, पातळीवर, तिच्याखाली दोन-तीन उंचींवर आणि तळाजवळ, त्याच जागा दर काही वर्षांनी. जाडी पुरेशी असेल तर भिंतीला पेटी लावून, पाणी काढून, सँडब्लास्ट करून एपॉक्सीचा लेप देता येतो. भोकं पडली असतील तर पट्ट्या वेल्ड कराव्या लागतात, किंवा पुढे नवी भिंत ठोकून मधल्या फटीत काँक्रीट ओतावं लागतं. त्याने गोदीची रुंदी तेवढी कमी होते, आणि १०५ फूट रुंद जहाजासाठी तेही मोजून बघावं लागतं. पोलादाऐवजी स्वतः झिजून जायचे ॲनोड (धातूचे ठोकळे) भिंतीवर टांगले तर बर्फ ते तोडून नेतो. बसवायचेच तर शीट पाइलच्या खोलगट भागात आणि बर्फाच्या थराखाली बसवावेत.

जुने लाकडी धक्के असलेल्यांनी उलट काळजी घ्यायची. पाण्याखालचं लाकूड शंभर वर्षं टिकतं, पण २००७ सारख्या वर्षी पातळी उतरली की वरचा पट्टा उघडा पडतो आणि सडतो. तशा वर्षी लाकडाची तपासणी त्याच शरदात, बर्फ धरायच्या आत करावी. हा सगळा खर्च ज्याचा धक्का त्याचा. अभियंता दल चॅनल धक्क्याजवळ आणून सोडतं, धक्क्यालगतची खोली आणि भिंत मालकाने राखायची.